घुमटापासून बास गिटारपर्यंत: अबोल मुलगा व्यावसायिक रॉक बँडमध्ये पोहोचतो कसा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता), फोंडा

गेल्या महिन्यात फोंड्याजवळच्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारण्यासाठी मला बोलावले होते. वीस वर्षे निरनिराळ्या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवून पोट भरलेला माणूस अशी माझी ओळख करून दिली गेली आणि पहिलाच प्रश्न आला, की तुम्ही लहानपणापासून धीट होता का. मी नाही म्हणालो, तेव्हा मुले हसली. त्यांना तो विनय वाटला असावा. त्या दिवशी जे उत्तर नीट देता आले नाही, ते येथे लिहून पाहतो.

आमचे घर म्हार्दोळजवळ. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि घरात एक जुनी पेटी होती, जिच्यावर एकादशीला भजनाची साथ होत असे. मी घरातला सर्वांत धाकटा आणि सर्वांत गप्प. तिसरीत असताना स्नेहसंमेलनात कविता म्हणायला उभा राहिलो, पहिल्या दोन ओळींनंतर तोंड उघडेना, आणि बाईंनी हात धरून मला पडद्यामागे नेले. त्यानंतर मला कोणी पुढे केले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे बरेच वाटले.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत मात्र वाड्यावर घरोघरी घुमटआरत्या होत. शामेळ हे चर्मवाद्य, कासाळे म्हणजे झांजा, आणि घुमट, एवढ्या तीन वाद्यांवर ती आरती उभी राहते. आपल्याकडील वाचकांना हे सांगायला नको, पण बाहेरून वाचणाऱ्यांसाठी लिहितो: घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेले मातीचे भांडे. मोठे तोंड चामड्याने मढवलेले असते, लहान तोंड उघडे असते, आणि ते तळहाताने कमी-अधिक झाकले की तोच ठोका कधी घुमतो तर कधी दबतो. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत, ते कायद्याने बंद झाले आणि आता बकऱ्याचे वापरतात. काकांनी नवव्या वर्षी माझ्या गळ्यात घुमट अडकवले. आरती म्हणणाऱ्यांचे डोळे देवाकडे असतात, ऐकणाऱ्यांचे म्हणणाऱ्यांकडे असतात आणि घुमटवाल्याकडे कोणीच पाहत नाही. तरीही तो थांबला तर सगळे चुकतात. मला जगात नेमकी एवढीच जागा हवी होती, हे तेव्हा कळले नाही, पण चवथ संपली की मला रडू येत असे ते त्यामुळेच.

अकरावीला मडगावला मावशीकडे राहायला गेलो. तिच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहत असत. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत उमेदीची सारी वर्षे डबल बास वाजवून ते गावी परतले होते. मी त्यांना अंकल म्हणत असे. त्याच वर्षी साष्टी तालुक्यातल्या एका फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, बीट शोला (बँडच्या जाहीर कार्यक्रमाला) मावसभाऊ मला घेऊन गेला. तोवर मी रॉक संगीत ऐकले होते ते घरच्या लहान कॅसेट प्लेयरवर. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या मूळ स्वराची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात आणि तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो स्वर जवळजवळ येतच नाही, त्यामुळे त्या गाण्यांच्या तळाशी काहीतरी आहे याची मला कल्पनाही नव्हती. त्या मैदानावर मोठ्या स्पीकरसमोर उभा राहिलो आणि छातीच्या पिंजऱ्यात चवथीचे घुमट वाजू लागले. मंचावर गायक उड्या मारत होता, गिटारवाला गुडघ्यांवर बसला होता, आणि मागे ड्रमजवळ एक माणूस खाली मान घालून तो आवाज काढत होता. परत येताना मावसभाऊ गायकाबद्दल बोलत राहिला. मला त्या गायकाचा चेहराही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंकलच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय हवे ते सांगायला मला दहा मिनिटे लागली असतील आणि तेवढा वेळ ते शांतपणे सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सहा महिने मला वाद्याला हात लावू दिला नाही. रेडिओवर गाणे लागले की मी फक्त खालची चाल गुणगुणायची, पायाने ठेका धरायचा आणि स्वरलिपी वाचायची. "पयलीं आयक, मागीर वाजय," (आधी ऐक, मग वाजव) एवढेच ते म्हणत. इतर मुले या शिस्तीला कंटाळून पळाली असती. मला मात्र गप्प बसून ऐकण्याचा सराव जन्मापासूनचा होता.

महाविद्यालयात चार मुलांनी बँड काढला तेव्हा तिघांना गिटार वाजवायची होती, एकाला ड्रम, आणि बास कोणालाच नको होता. माझी निवड अशी झाली. पुढे लग्नांचे बँड, कळंगुटच्या पट्ट्यातील हॉटेले, आणि शेवटी मुंबईचा रॉक बँड. हा पुढचा भाग विचारलात तर सविस्तर लिहीन. तूर्त एवढेच म्हणतो, की मी मंचावर गेलो तो अबोलपणा टाकून नव्हे, तो बरोबर घेऊन गेलो, आणि माझ्या धंद्यात तोच माझ्या कामी आला. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

दूधसागर

लेख आवडला. यावरून क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडची आठवण झाली, कारण त्या एकाच बँडमध्ये अबोल मुलांचे दोन अगदी वेगळे मार्ग दिसतात, आणि त्यांतला एक आपल्या शेजारच्या घाटावरून गेलेला आहे.

क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, हे 1946 मध्ये झांझिबारला जन्मले आणि आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात आले. समुद्रापलीकडून एकट्याने आलेला, पुढे आलेल्या दातांमुळे चिडवला जाणारा हा लाजाळू मुलगा तेथे पियानो शिकला, आणि 1958 मध्ये शाळेतील मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्या बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. क्वीन 1970 मध्ये सुरू झाला. म्हणजे पाचगणीचा पियानो आणि लंडनचा मंच यांमध्ये बारा वर्षे गेली, आणि त्यांत झांझिबारमधील क्रांतीमुळे 1964 मध्ये कुटुंबासह इंग्लंडला जाणे, ईलिंगच्या कला महाविद्यालयातील शिक्षण आणि आयबेक्ससारखे अल्पजीवी बँड हे सगळे आले. मंचावर लाखोंना खेळवणारा हा गायक मुलाखती द्यायला मात्र शेवटपर्यंत नाखूश असे.

दुसरा जॉन डीकन. अकराव्या वर्षी वडील गेलेला लेस्टरचा हा मुलगा 1971 मध्ये क्वीनचा बासवादक झाला. त्याच्याआधी काही बासवादक येऊन गेले होते. तो शांत आहे, त्यामुळे आपल्या गोंगाटात सहज सामावेल असे इतरांना वाटले, आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान होते हेही निवडीचे एक कारण ठरले, असे क्वीनचे ड्रमवादक रॉजर टेलर यांनी नंतर सांगितले आहे. कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटपासून त्याने बनवलेला छोटा अँप्लिफायर गिटारवादक ब्रायन मे यांनी क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वापरला. आणि 1980 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले, बासच्या एका चालीवर उभे असलेले 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणे याच गप्प माणसाने लिहिले होते.

तिसवाडीचा वाचक

धागाकर्त्यांचा अनुभव मनाला भिडणारा आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. स्वभावाला इतके श्रेय दिले की व्यवस्था नजरेआड होते. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जात असे, आणि त्यामुळे गावागावांत लिहिलेले संगीत वाचू शकणारी माणसे तयार झाली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वाद्यवृंद हवा होता तेव्हा ती माणसे तयार होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले, ते याच परंपरेतून आलेले. धागाकर्त्यांचे अंकलही त्याच शाळांचे फळ असणार. म्हणजे अबोल मुलाला दार उघडून देणारा शेजारी आधी अस्तित्वात असावा लागतो, आणि असा शेजारी मडगावात मिळतो तितक्या सहज पेडणे किंवा सत्तरी तालुक्यात मिळत नाही. आमच्या हिंदू घरांतून मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आले, केरीच्या केसरबाई आल्या, कुर्डीच्या मोगूबाई आल्या. ती वाट वेगळी होती आणि तिचे गुरू वेगळे होते. बास गिटारची वाट आमच्या दारावरून जात नव्हती, आणि माझ्यासारख्या कित्येक गप्प मुलांनी ती कधी पाहिलीच नाही.

मंद्रसप्तक

तिसवाडीकर, आपला आक्षेप मला अर्धाअधिक मान्य आहे. अंकल मावशीच्या शेजारी नसते तर मी आज बहुधा एखाद्या शाळेत गणित शिकवत असतो. आता कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते, लंडनच्या परीक्षा गोव्यात देता येतात आणि हे दार आमच्या काळाएवढे अरुंद राहिलेले नाही, तरी वाळपईहून पणजीला आठवड्यातून दोनदा मुलाला आणणे कोणत्याही घराला सोपे नाही, हेही खरे.

पण वाट आमच्या दारावरून जात नव्हती, या वाक्याशी मी थांबलो. ती जात होती, आम्ही तिला दुसऱ्या नावाने ओळखत होतो. अंकलनी मला पहिल्यांदा वाद्य हातात दिले तेव्हा ते म्हणाले, की तार वाजवून झाल्यावर तिला डाव्या हाताने गप्प करण्याची युक्ती विद्यार्थ्यांना शिकवायला एरवी त्यांना वर्ष लागते आणि मला ती आधीपासून येते, हे कसे. ती घुमटाने शिकवली होती. लहान तोंडावरचा तळहात आणि तारेवरची बोटे हे एकच काम करतात: आवाज कुठे संपवायचा ते ठरवतात. नवखा बासवादक ओळखायचा असेल तर त्याचे स्वर कुठे सुरू होतात ते पाहू नका, कुठे संपतात ते ऐका. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले तेव्हा मला जो आनंद झाला, त्यात थोडा स्वार्थही होता.

साउंडवाला म्हापसा

मी गेली अनेक वर्षे मंचाच्या दुसऱ्या टोकाला, मिक्सरवर बसतो. माझा अनुभव धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, पण कारण वेगळे आहे. आवाज तपासायला सहाला बोलावले तर पावणेसहाला येणारा वादक बहुधा गप्प स्वभावाचा असतो. तो स्वतःची केबल घेऊन येतो, जास्तीच्या तारा आणतो आणि माझा आवाज कमी का असे विचारत नाही. बोलकी माणसे वाईट नसतात, पण त्यांच्या गप्पांत वीस मिनिटे जातात, आणि गोव्यात आज वीस मिनिटे फार महाग आहेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, वर्षातील काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारे बीट शो आता घड्याळ पाहून चालतात. आयोजकाला गाणे थोडे कमी चांगले चालेल, पण वेळ चुकलेली चालत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांनी लक्षात ठेवावी. कानांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरतात, पण प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ड्रमच्या शेजारी 100 डेसिबल सहज असतात, म्हणजे सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांवर येते. वादकांसाठी वेगळे कानबोळे मिळतात, त्यांनी स्वर बिघडत नाहीत. ऐकणे हेच ज्याचे भांडवल आहे, त्याने ते जपायला हवे.

दूधसागर

मंद्रसप्तक, मुंबईच्या बँडची गोष्ट राहिली. ती सांगाच, म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होईल.

मंद्रसप्तक

सांगतो, पण आधी लग्नांच्या बँडविषयी लिहायला हवे, कारण रॉक वाजवणारी मुले त्या कामाला नाक मुरडतात आणि माझी खरी तालीम तेथेच झाली.

गोव्यातील ख्रिस्ती लग्नाच्या स्वागत समारंभात बँडला चार-पाच तास उभे राहावे लागते. नवरा-नवरी येताना संथ चाल, मग वॉल्ट्झ, मग जुनी इंग्रजी गाणी, मग पोर्तुगीज, आणि शेवटी सगळ्यांना नाचवणारा कोंकणी मसाला. फर्माईश येते ती ऐनवेळी, आणि गायक बँडकडे न पाहता सरळ सुरू करतो, बहुतेक वेळा भलत्याच पट्टीत. बासवादकाला पहिल्या दोन मात्रांत पट्टी ओळखावी लागते, कारण तो चुकला तर चूक सगळ्या सभागृहाच्या पायांना कळते. सहा वर्षांत मी शेकडो गाणी अशी उभ्या-उभ्या शिकलो. कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, लग्ने नसतात आणि पावसाळ्यातही कमीच, तेव्हा त्या महिन्यांत मी घरी बसून रॉकच्या कॅसेटी ऐकत असे आणि प्रत्येक गाण्याचा बास वहीत उतरवून घेत असे. या वह्या माझ्याकडे अजून आहेत. पावसाच्या ओलीने त्यांची पाने फुगली आहेत.

मुंबईहून फोन आला तो माझ्या कीर्तीमुळे नव्हे. एका रॉक बँडचा बासवादक दौऱ्याच्या तोंडावर सोडून गेला होता आणि कळंगुटच्या हॉटेलात मला ऐकलेल्या एका ड्रमवादकाला माझी आठवण झाली. सात गाणी, चार दिवस. मी कोंकण रेल्वेने निघालो, डब्यातल्या वरच्या बर्थवर वाद्य उशाला घेऊन हेडफोनवर तीच सात गाणी ऐकत गेलो. परीक्षेला आणखी तिघे होते आणि तिघेही माझ्यापेक्षा वेगाने वाजवत होते. एकाने तर मधल्या जागेत अशी करामत केली की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

माझी पाळी आली तेव्हा तिसऱ्या गाण्यात मला जाणवले की ध्रुवपदाकडे जाताना ड्रमवादक किंचित मागे रेलतो. तो चुकत नव्हता, ती त्याची ढब होती, आणि कॅसेटवरच्या जुन्या बासवादकाने तिच्याशी झगडून ती झाकली होती. मी झगडलो नाही. त्याच्याबरोबर मागे रेललो. गाणे संपल्यावर तो उठला, माझ्याजवळ आला आणि विचारले, तुला हे कोणी सांगितले. मी म्हणालो, तुम्हीच. मुंबईतील माझ्या त्या पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले हे बहुधा एकमेव पूर्ण वाक्य असावे. संध्याकाळी काम माझे झाले.

पुढची वर्षे सरळ गेली असे कोणी समजू नये. एका आयोजकाने तीन मोठ्या कार्यक्रमांचे पैसे बुडवले आणि ते मागायला जायचे धाडस माझ्यात नव्हते. येथे गप्प स्वभावाने माझे नुकसान केले, हे मान्य करायला हवे. त्यानंतर मी अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय गोवा सोडला नाही, आणि ते तोंडाने मागता येत नसल्याने कागदावर लिहून पाठवू लागलो. आपल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये 'गोवन क्रेझी' घरीच ध्वनिमुद्रित करून कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोहोचवल्या, हे वाचले की मला त्यांच्या संगीताइतकेच त्या दुकानदारांशी बोलण्याचे कौतुक वाटते. ते मला कधी जमले नसते.

काठावरचा

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मीही गप्प होतो, मलाही कान होते, शिक्षक चांगले होते आणि महाविद्यालयात बँडही होता. मला ते जमले नाही. मंचावर चढण्याआधी उलटी होत असे, हात गार पडत, आणि तिसऱ्या वर्षी मी कीबोर्ड विकून टाकला. आता बँकेत आहे आणि सुखात आहे. शांत मुले शेवटी मंचावर पोहोचतातच, असा अर्थ या धाग्यातून कोणी काढू नये म्हणून लिहिले. पोहोचलेलेच गोष्ट सांगतात.

मंद्रसप्तक

काठावरचे, तुम्ही लिहिलेत याबद्दल आभार. शेवटचे वाक्य माझ्या लेखात असायला हवे होते. गप्प असणे आणि मंचाची भीती असणे या दोन गोष्टी मी नकळत एकत्र केल्या. मला पुढे उभे राहून बोलायची भीती होती. मागे उभे राहून वाजवताना ती लागत नसे, म्हणून माझे निभावले. ज्याला वाजवतानाही ती लागते, त्याची लढाई वेगळी आहे आणि ती मी लढलेलो नाही, तेव्हा तिच्याविषयी सल्ला देणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र मंच नसतो, समोर कोणी नसते, आणि माझ्या ओळखीचे दोन उत्तम वादक केवळ तेथेच वाजवतात. कीबोर्ड पुन्हा घ्यावासा वाटला तर हे ध्यानात असू द्या.

जायांची माळ, डिचोली

मला संगीतातले काही कळत नाही, तरी विचारते. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेत कोणाशी बोलत नाही, घरी दार लावून मामाने दिलेली गिटार वाजवत बसतो. वर्गशिक्षिका म्हणतात त्याला नाटकात घाला, म्हणजे भीड चेपेल. सासूबाई म्हणतात तबल्याला घाला, म्हणजे निदान भजनात उपयोग होईल. तो म्हणतो त्याला बास हवा. हे नाव त्याने कुठे ऐकले ठाऊक नाही. एवढ्या लहान हातांना ते वाद्य पेलेल का, आणि घ्यायचे तर काय पाहून घ्यावे? महाग वस्तू घेऊन ती कोपऱ्यात पडली तर घरात बोलणी मलाच बसतील.

मंद्रसप्तक

बाय, सासूबाईंचे म्हणणे टाकाऊ नाही. तबल्याच्या डाव्याचा हात आणि बासचा हात यांचे नाते जवळचे आहे. भजनाला बसू दे त्याला, फक्त पुढे बसवू नका. नाटकाविषयी मी काही बोलत नाही, माझी तिसरीतली कविता मला अजून आठवते.

वाद्याचे म्हणाल तर नेहमीच्या बासची तार 34 इंच असते, तेरा वर्षांच्या हाताला ती ताणते. 30 इंचांचा लहान बासही मिळतो, तो पाहा. नवाच हवा असे नाही. म्हापशात आणि मडगावात वापरलेली वाद्ये मिळतात, पण ओळखीचा वादक बरोबर नेल्याशिवाय घेऊ नका. मान वाकलेली नाही ना, हे त्याने डोळा लावून पाहिले पाहिजे. वाद्याच्या मानेत एक लोखंडी सळई असते, ती थोडी फिरवून मान सरळ करता येते, मात्र हे काम जाणकारानेच करावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिते आणि तारा गंजतात, म्हणून वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नका, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसायची सवय लावा. सुरुवातीला मोठा अँप्लिफायर घेऊ नका. हेडफोन लावता येईल असा लहान पुरे. दार बंद असू दे.

आणि एक विनंती. त्याला पाहुण्यांसमोर वाजवून दाखव म्हणू नका. घरात चवथीला घुमटआरती होत असेल तर मात्र घुमट त्याच्या हाती द्या.

साउंडवाला म्हापसा

ताई, वापरलेला लहान बास घ्यायचा ठरला तर येथे कळवा. मी बघून देईन, पैसे घेणार नाही.

तिसवाडीचा वाचक

मी वर व्यवस्थेविषयी लिहिले होते. साउंडवाल्यांचा हा प्रतिसाद वाचून माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती करतो: अंकल आता मडगावातच असावे लागतात असे नाही.

जायांची माळ, डिचोली

साउंडवाल्यांच्या मदतीने बास आला. चवथीला त्याने घुमट घेतले नाही, झांजा घेतल्या, आणि त्याही दोनच आरत्यांना. मी आग्रह केला नाही.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर माझा फोन उघडा ठेवून तो झोपायला गेला. त्यात एक ध्वनिमुद्रण होते आणि खाली लिहिले होते, की त्या फोरमवरच्या काकांना पाठव. तोंडाने काही बोलला नाही. पाठवू का?

मंद्रसप्तक

पाठवा.

मंद्रसप्तक

तीनदा ऐकले. दुसऱ्या ध्रुवपदाआधी तो चार मात्रा थांबला आहे. पहिल्यांदा मला वाटले की विसरला. पण तिसऱ्या ध्रुवपदाआधीही तो तेवढाच थांबला आहे, म्हणजे ती जागा त्याने मोकळी ठेवली आहे. त्याला सांगा, ती तशीच राहू दे. सर्वांत जाड तार मात्र थोडी उतरली आहे, ती आधी लावून घे म्हणावे.